पांढरं पाणी, तांबडं पाणी

खेडला एसटी स्टँडसमोर म्हैपत न्हाव्याने सलून काढलं, ते साल चौऱ्याऐंशी. वीस वर्षं मुंबईत दुसऱ्याच्या आरशासमोर लोकांच्या दाढ्या केल्या, आता आरसा स्वतःचा. आणि आरसा तरी केवढा! एसटीने आणला तेव्हा कंडक्टरने त्याची दोन तिकिटं फाडली, आणि वरची गोधडी सरकली तर एक बाई आरशातल्या बाईशी महाडपर्यंत गप्पा मारत आली. शेवटी म्हणे, ‘बाई, तुम्ही कुठं उतरणार?’

भिंतीला मुंबईहूनच आणलेल्या चिनीमातीच्या लाद्या. पांढऱ्याशुभ्र. माशी बसली की घसरत खाली यायची नि लाजून उडून जायची. दसऱ्याला सकाळी सलून उघडणार, खुर्चीत पहिले सखाराम गुरुजी बसणार, असं म्हैपतने गावभर सांगून ठेवलं होतं. आता उरली होती आरसा टांगायला चार भोकं. करंगळीपेक्षाही बारीक.

अष्टमीला भागोजी गवंडी आला. जन्म सगळा जांभ्याच्या तांबड्या, मऊ चिऱ्यात गेलेला माणूस. जांभ्यात खिळा ठोकायचा म्हणजे पिकल्या पपईत काडी खुपसायची. भागोजीने त्याच हिशोबाने हातोडा उचलला.

“भागोजी, आधी सुट्या लादीवर बघ रे,” म्हैपत म्हणाला. लाद्या दोन उरल्या होत्या म्हणून बरं.

पहिलीवर खिळा ठेवला, ठाण्! लादीचे सात तुकडे.

“ही कच्ची होती,” भागोजी म्हणाला.

दुसरीवर जरा बेताने मारलं. खिळा घसरला, लादीवर नागमोडी ओरखडा काढून भागोजीच्या अंगठ्यात घुसला, आणि मागाहून लादी आपली आपण दुभंगली.

“ही पण कच्ची?” म्हैपतने विचारलं.

भागोजी अंगठा चोखत भिंतीकडे वळला, तसा म्हैपत दोन्ही हात पसरून भिंतीला पाठ लावून उभा राहिला. “नको बाबा! आता भिंतीवरची फुटली तर मी कुठनं आणू?”

दुसऱ्या दिवशी खंडेनवमी. सगळ्यांची हत्यारं देवाजवळ बसली. म्हैपतचे वस्तरे, कात्र्या झेंडूखाली, भागोजीचा हातोडा त्याच्या घरी पाटावर. त्या दिवशी हत्याराला हात लावायचा नाही. म्हैपत आरशासमोर, म्हणजे भिंतीला टेकून ठेवलेल्या आरशासमोर, डोक्याला हात लावून बसला. आरशातलाही तसाच बसला. एकाचे दोन रडवे दिसत होते.

तेवढ्यात दारात येसूबाई. पाट्या-वरवंट्याला टाकी लावणारी. साठीची बाई, वजन जेमतेम पायलीभर तांदळाएवढं. पण तिची टाकी लागलेल्या पाट्यावर मिरची ठेवली की वरवंटा दिसताच मिरची आपण होऊन वाटली जायची, हे खेडात कोणालाही विचारा.

“म्हैपत, तुझ्या भिंतीवरनं माशी घसरते म्हणतात, ती बघायला आले,” ती म्हणाली. “आणि तू का रे घसरलायस?”

म्हैपतने सगळं सांगितलं. येसूबाईने लादीवर नख वाजवलं, कान लावला, परत वाजवलं.

“बोलते हो छान! हिला मारायचं नसतं. हिला भुलवायचं.”

“पण येसूबाय, आज नवमी. तुझी टाकी पण पूजेला असेल.”

“टाकी बसलेय देवाजवळ, तिला नाय उठवायची. पण मोडक्या तिकोनी कानशीला कोण पुजतो? नि फूल तुटलेल्या रवीला? चिमा!” तिने म्हैपतच्या बायकोला हाक मारली. “मोडकी रवी आण, तिची दोरी आण, एक करवंटी, नि कणकेचा गोळा.”

“कणीक कशाला गो?” चिमाने विचारलं.

“लादीला भूक लागलेय.”

कनवटीतून मोडकी कानस काढून तिचं टोक तिने पायरीच्या दगडावर घासून सुईसारखं केलं. कानशीचं मागचं शेपूट तापवून रवीच्या दांड्यात बसवलं. मग जगबुडी नदीतला बोराएवढा गोटा कनवटीतून काढला नि कानशीचं टोक भिंतीवरच्या खुणेवर ठेवून टुक् टुक् टुक्. मारायची नाही, गोटा नुसता पडू द्यायची. लादीवर मोहरीएवढा खळगा पडला. टोक घसरायचं बंद झालं. त्याच्याखाली तिने कणकेची वाटी चिकटवली, पाकोळीच्या घरट्यासारखी, नि तीत पाणी भरलं. दांड्याला दोरीचे वेढे दिले नि मागच्या टोकाला करवंटी लावून ती स्वतः दाबून उभी राहिली.

“म्हैपत, दोरी ओढ. ताक घुसळतात तशी.”

म्हैपतने जोर लावला.

“अरे मेल्या, लढाई नाय करायची! माणसाच्या गळ्यावर वस्तरा असा फिरवतोस काय?”

म्हैपतचे हात आपोआप हलके झाले. सर् सर्, सर् सर्. भागोजी दाराआड उभा राहून हे सगळं बघत होता. चिमा वाटीत थेंब थेंब पाणी घालत होती. हळूहळू वाटीतलं पाणी दुधासारखं झालं.

“पांढरं पाणी. लादी बोलते,” येसूबाई म्हणाली.

घटकाभराने पाणी राखाडी झालं. “आता सिमीट.” आणि मग एकदम वाटीत तांबडी रेघ उमटली, विड्याच्या पिंकेसारखी.

“थांब! जांभा आला. आता जोर केलास तर दांडा आत उडी मारेल नि लादीचा काठ फोडेल. हितनं पुढं नुसतं गोंजार.”

वाटी काढून पुसलं, तर काळ्या वाटाण्याएवढं गोल भोक. काठाला एक टवका नाही. म्हैपतने त्यात हळूच काडी घातली नि बाहेर काढली, परत घातली.

“पुरे, तिला गुदगुल्या होतायत,” येसूबाई म्हणाली.

चौथ्या भोकाला दिवस कलला. म्हैपत हात जोडून म्हणाला, “येसूबाय, काय हवं ते माग. नाय म्हणायचा नाही.”

“मागते उद्या.”

दसऱ्याला सकाळी हत्यारं उठली. भागोजीने लाकडी गुट्ट्या तासून भोकांत हलक्या हाताने बसवल्या, स्क्रू पिळले, आरसा लागला. बाहेर ही गर्दी! सखाराम गुरुजी पांढरी दाढी खाजवत पुढे झाले, आणि बघतात तर खुर्चीत येसूबाई.

“येसूबाय, हे पुरुषांचं सलून!” म्हैपत कुजबुजला.

“मग मी कुठं दाढी कर म्हणते? ही खुर्ची फिरते म्हणतात. फिरव.”

म्हैपतने गुरुजींकडे बघितलं, मग त्या चार स्क्रूंकडे. पुढे झाला नि त्याने खुर्चीला असा हात दिला की येसूबाई गरागरा फिरली, तिचा पदर पंख्यासारखा सुटला, आणि जे वारं आलं त्याने गुरुजींची टोपी थेट स्टँडवर, चिपळूणच्या गाडीत जाऊन बसली. हसायला सुरुवात गुरुजींनीच केली.

खुर्ची थांबली ती आरशासमोर. येसूबाईने स्वतःकडे बघितलंच नाही. आरशात मागे भागोजी दिसत होता, कोपऱ्यातला कालचा उरलेला कणकेचा गोळा गुपचूप धोतरात खोवणारा.

“भागोजी,” ती मान न वळवता म्हणाली, “कणीक ने खुशाल. हातोडा तेवढा हितंच ठेवून जा.”