वाचलेला वेळ

सुनेनं मापात पीठ भरलं आणि वरून सुरीची पाठ फिरवली. जास्तीचं पीठ अलगद खाली पडलं. ओट्यावर कागदी पिशव्या तोंडं उघडून उभ्या होत्या. पीठ, मीठ, साखर, दुधाची पावडर आणि सगळ्यांत शेवटी यीस्टचे बारीक दाणे, असं ती एकेका पिशवीत घालत होती.

सासरे दारात उभे राहून बघत होते. त्यांचा जन्म घड्याळं दुरुस्त करण्यात गेलेला. नेमकेपणानं चाललेलं कुठलंही काम दिसलं की त्यांचे पाय आपोआप थबकायचे.

"पाणी नाही घालायचं?"

"आत्ता नाही, बाबा. पाव करायचा त्याच्या आदल्या संध्याकाळी पाणी घालून मळायचं आणि फ्रिजमध्ये ठेवून द्यायचं. सकाळी थेट ओव्हनमध्ये. रोज उठून मापं काढायला नकोत. वेळ वाचतो."

"आणि त्या वाचलेल्या वेळाचं काय करणार?" त्यांनी सहज विचारलं.

ती हसली. पिशवीचं तोंड दुमडून तिनं चिमटा लावला.

घरातल्या सकाळी खरंच बदलल्या. पोरांच्या डब्यात ताजा पाव जाऊ लागला, धांदल कमी झाली. फक्त एक गोष्ट सासऱ्यांच्या हिशेबात बसेना. सून रक्त तपासायच्या लॅबमध्ये कामाला होती. लॅब उघडायची वेळ होती तीच होती, पण ही हल्ली घरातून पूर्वीपेक्षा बरीच लवकर निघू लागली होती.

मुलाच्याही ते लक्षात आलं होतं. एका संध्याकाळी स्वयंपाकघरातला नळ दुरुस्त करता करता त्यानं हळूच विषय काढला.

"बाबा, ही एवढ्या लवकर जाते कुठे?"

"तिलाच विचार की."

"विचारलं. 'उगाच' म्हणाली. लॅबमध्ये फोन केला, तर तिथे ती नेहमीच्याच वेळेला पोचते म्हणे." त्यानं पाना आणखी एकदा आवळला. "माझ्या मनात तसं काही नाही हं."

"नाही ना? मग त्या नळाचा का जीव घेतोस?"

मुलगा हसला नाही. ते पाहून म्हाताऱ्याच्याही मनात पाल चुकचुकली.

दुसऱ्या दिवशी सून निघाली तसे तेही जिना उतरले. सुनेच्या मागावर जाणं त्यांना शोभत नव्हतं, हे त्यांना कळत होतं. आपण फिरायला निघालोय, असं स्वतःला बजावत ते चालत राहिले. ती बसथांब्यावर थांबली नाही. वाचनालयाला वळसा घालून मागच्या बागेत गेली आणि एका बाकावर बसली.

ते झाडाआड उभे राहिले. आता कोणीतरी येईल. कोणी आलं नाही. तिनं फोन काढला नाही, पुस्तक काढलं नाही. माळी पाण्याचा पाइप ओढत आला, तेव्हा तिनं पाय उचलले आणि पाइप गेल्यावर परत खाली टेकवले. कितीतरी बंद घड्याळं त्यांनी उघडून पाहिली होती. नेमकं काय अडलंय, हे त्यांना चटकन दिसायचं. इथे मात्र काही अडल्यासारखं दिसेना. ती रडत असेल म्हणून ते जरा पुढे सरकले आणि तिनं वर पाहिलं.

"बाबा? तुम्ही?"

"पाय मोकळे करायला आलो होतो."

तिची नजर त्यांच्या पायांकडे गेली. घाईत ते घरातल्याच सपाता घालून आले होते.

"यांनी पाठवलं?"

ते बाकाजवळ आले. "बरं नाही का तुला? घरात कुणी काही बोललं?"

"नाही हो, बाबा. सगळं छान आहे."

"मग इथे काय करतेस?"

"काही नाही." खरंच, काहीच करत नाही. घरी कुणी ना कुणी हाक मारतं, लॅबमध्येही तेच. इथे मला कुणी हाक मारत नाही. तेवढ्यासाठी येते."

तिनं पिशवी उचलून बाकावर जागा केली. त्यांचे गुडघे दुखत होते, बसावंसं फार वाटत होतं.

"नको. तू बस," म्हणून ते माघारी फिरले.

वाटेत त्यांना आपलं घड्याळदुरुस्तीचं दुकान आठवलं. गिऱ्हाईक नसलं की तिथे एकटं, निवांत बसता यायचं. कुणी विचारलं, तर घरचे सांगायचे, ते कामावर आहेत. त्या वेळी आपली बायको कुठे बसायची, हे त्यांना काही केल्या आठवेना.

"कळलं काही?" संध्याकाळी मुलानं विचारलं.

"कळलं. काही नाही."

"म्हणजे?"

"म्हणजे काहीच नाही."

मुलाचा जीव भांड्यात पडला. त्यानं पुढे विचारलं नाही आणि यांनीही सांगितलं नाही.

रविवारी संध्याकाळी सून स्वयंपाकघरात आली, तर सासरे कोपरापर्यंत पिठानं माखलेले. निम्म्या पिशव्या भरून झाल्या होत्या.

"अहो बाबा, हे काय?"

"माप बरोबर आहे. हवं तर तपासून घे."

तिनं तपासलं नाही. रिकामे हात घेऊन ती थोडा वेळ तशीच उभी राहिली. मग बाहेर जाऊन तिनं चपला पायांत सरकवल्या.

मुलानं पेपरातून डोकं वर काढलं. "आज रविवारी कुठे निघालीस?"

ती दारात थबकली.

"तू इकडे ये आधी," आतून म्हाताऱ्याचा आवाज आला. "पीठ मळायला घे. आणि पाणी कोमट घाल, कढत नको."

मुलगा उठला. त्यानं बाह्या वर सारल्या, तोवर दार लागलं होतं.