पोळ्याच्या अंकाखालची ओळ

मित्रांनो, बसची वाट पाहून पाय दुखले की तुम्ही ज्याला खुशाल पाठ टेकून उभे राहता, तो मी एक जुना वाचनफलक आहे. लोणारहून देऊळगाव राजाला जाणाऱ्या काही गाड्या जिथे दहा मिनिटे थांबतात, तिथल्या स्टँडवर, पत्र्याच्या शेडखाली माझा मुक्काम असतो. गावाचे नाव सांगत नाही. नाव छापले की काय होते, ते मी चांगलेच पाहिले आहे.

माझे सागवान जळगाव जामोदकडचे, सातपुड्याच्या पायथ्याचे. तुळशीरामभाऊंनी ‘साप्ताहिक पाणवठा’ सुरू केले, तेव्हा मला मुद्दाम करवून घेतले. ज्याला अंक विकत घेणे जमत नाही त्यानेही तो वाचावा, एवढाच त्यांचा हेतू होता. दर शुक्रवारी सकाळी ते मैद्याची खळ घेऊन येत. माझ्यासाठी दोन अंक लागत, कारण कागदाची एक बाजू माझ्याकडे तोंड करून चिकटे आणि ती मग मी एकटाच वाचत असे. नवा अंक जुन्याच्या अंगावरच बसे. वर्षभरात पन्नासेक थर साचले की पाडव्याला भाऊ मला कोमट पाण्याने भिजवत आणि खरवडून लख्ख करत. तो माझा सणाचा दिवस!

शेळ्यांचा मात्र मला मनापासून राग आहे. खळीच्या वासाने त्या येतात आणि माझा खालचा कोपरा चाटून जातात. अग्रलेखाची त्यांना काडीची किंमत नाही.

वाचणाऱ्यांची तेव्हा झुंबड उडे. ज्ञानेश्वर नावाचे निवृत्त कंडक्टर अकराच्या सुमाराला येत आणि पहिल्या पानापासून मोठ्याने वाचायला लागत. ‘तिकीट, तिकीट’ ओरडून ओरडून आवाज खणखणीत झालेला. ज्यांना अक्षरओळख नाही ते भोवती उभे राहत. त्यांत तानाबाई असे. ती स्टँडवर भाजलेल्या शेंगा विकते. तिच्याइतके कान देऊन ऐकणारे माणूस मी दुसरे पाहिले नाही.

काही वर्षांपूर्वीच्या एका श्रावणात तिच्याच घरची बातमी माझ्यावर लागली. तिचा नवरा कचरू मजुरी करतो. शेताच्या पाण्यावरून एका वजनदार माणसाने त्याला मारले आणि त्याचा हात मोडला. तानाबाई अर्ज घेऊन ठाण्यात गेली. तिथले जमादार माणिकराव यांनी आपल्याला दोन दिवस बाकावर बसवून ठेवले आणि तिसऱ्या दिवशी अर्ज फाडून टाकला, असे तिने भाऊंना सांगितले. भाऊंनी जमादारांना फोन करून त्यांची बाजू विचारली. “मले काही बोलायचं नाही,” एवढेच उत्तर आले. भाऊंनी बातमी लिहिली. पण राग आलेल्या माणसाची लेखणी उतारावरच्या बैलगाडीसारखी असते. शेवटी अर्धी ओळ जास्तीची उतरली: ‘आणि शिवीगाळ करून हाकलून दिले.’

ज्ञानेश्वर ती ओळ वाचत होते, तोच तानाबाईने हात वर केला.

“थांबा हो दादा. शिवी देल्ली नाही त्यानं.”

“बाई, छापलं हाय तसं.”

“छापू द्या ना! मी तं सांगतलंच नाही. बसोलं हे खरं, अर्ज फाडला हे खरं. शिवी नाही देल्ली. आपलं खरं हाय, तं त्याच्यात लबाडीची भर कायले?”

मंडळी चुळबुळली. कुणी म्हणाले, “जाऊ दे ना मावशी, पोलिसाची बाजू काऊन घेऊन राह्यली?” ती म्हणाली, “बाजू नाही घेत बाप्पा. उद्या एक खोटं निंघालं का, बाकीचंबी खोटं म्हणतीन.”

भाऊंचा छापखाना रस्त्यापलीकडेच होता. ते आले, ऐकले आणि मान खाली घातली. खिशातल्या लाल पेनाने त्यांनी माझ्यावरची ती अर्धी ओळ खोडली. बाजूच्या कोऱ्या जागेत लिहिले: ‘ही ओळ चुकीची आहे. शिवीगाळ झालेली नाही. संपादक.’ खाली तारीख टाकली. वाहतूक नियंत्रकाच्या टेबलावरचे शिक्क्याचे पॅड आणून तानाबाईने त्याखाली अंगठा उमटवला. “पुढच्या अंकात छापतो,” भाऊ म्हणाले. मला त्या दिवशी माझ्या माणसांचा फार अभिमान वाटला.

पुढचा अंक पोळ्याचा होता. पुढाऱ्यांच्या शुभेच्छा, सजवलेल्या बैलजोड्यांचे फोटो, पान भरून गेले आणि दुरुस्ती मागे राहिली. खळ लावून भाऊंनी तो अंक त्या लाल अक्षरांवर चिकटवला. अंधार झाला आणि ती ओळ माझ्या पोटात गेली.

त्यानंतर दहा दिवसांनी वकिलाची नोटीस आली आणि मग मानहानीचा दावा. बातमी सगळीच खोटी आहे, मुद्दाम बदनामीसाठी रचलेली आहे, चूक कळूनही संपादकाने ती दुरुस्त केली नाही, असे जमादारांचे म्हणणे होते. भाऊंनी तेव्हा तरी छापायला हवे होते. पण आता छापले तर लोक भ्याला म्हणतील, असा मानी विचार त्यांना आडवा आला. ही त्यांची दुसरी चूक. ते माझे धनी, तरी मी सांगणारच. दावा हरलो तर भरपाईपोटी छापखाना विकावा लागेल आणि ‘पाणवठा’ बंद पडेल, हे ते ज्ञानेश्वरांजवळ माझ्यासमोरच बोलले. जमादारांच्या बाजूने तानाबाईकडेही निरोप आला, की मी काही सांगितलेच नव्हते असे कोर्टात म्हण. तिने निरोप्याला शेंगांची पुडी बांधून दिली आणि वाटेला लावले.

माझेही दिवस फिरले होते. भाऊंच्या गुडघ्याचे ऑपरेशन झाले. अंक ज्ञानेश्वर चिकटवत, पण खरवडणे त्यांच्याच्याने होत नव्हते. एक पाडवा कोरडा गेला, दुसराही गेला. माझ्या अंगावर कागदाची गादी चढली. वाचणारेही कमी झाले. ज्याच्या त्याच्या हातात मोबाइल. कुणी माझ्यावर शिकवणीची जाहिरात डकवली, कुणी पान थुंकले. मी मनातल्या मनात फार कुरकुरलो. आपले कुणी उरले नाही, असे वाटून रडू येई.

एके दिवशी भाऊंच्या वकील अनुपमाताई स्टँडवर आल्या. भाऊ काठी टेकत बरोबर होते. “दुरुस्ती केली होती याचा काही कागद?” त्यांनी विचारले. भाऊ म्हणाले, “फळकावर लिहिली होती ताई. पण पाडव्याला खरवडतो आम्ही. ती केव्हाच गेली.”

शेंगांच्या टोपलीमागून आवाज आला.

“खरवडलं कुठं तुमी? दोन पाडवे झाले, मी इथंच बसून राह्यली ना! तुमचं पायाचं दुखणं होतं. माहा अंगठा त्याच्यातच हाय, पोळ्याच्या अंकाखाली.”

भाऊ माझ्याकडे पाहतच राहिले. इतकी वर्षे त्यांनी माझ्यावरचे वाचले होते, माझ्याकडे त्या दिवशी पहिल्यांदा पाहिले.

अनुपमाताईंनी कोर्टाकडे अर्ज केला. कोर्टाने जागेवर येऊन पाहणी करायला एक कमिशनरबाई नेमल्या. त्या आल्या, दोन्हीकडचे वकील आले, पंच आले, जमादारही आले. गावातल्या पेंटरने कोमट पाण्याचा बोळा फिरवला आणि पातळ पात्याने एकेक थर उचलायला सुरुवात केली. प्रत्येक थराची तारीख पंचनाम्यात लिहिली जाई. निवडणूक गेली, यात्रा गेली, दहावीचे निकाल गेले. मला गुदगुल्याही होत होत्या आणि भीतीही वाटत होती. पाणी जास्त झाले तर? पात्याने टवका उडाला तर? खालचा कोपरा तर शेळ्यांनी कधीच संपवला होता.

दुपार कलली तेव्हा पोळ्याचे बैल वर आले. पेंटरने श्वास रोखून तो कागद सोलला. खाली लाल अक्षरे होती. कडेला थोडी फुटलेली, पण प्रत्येक शब्द लागत होता. अंगठ्याची निळी शाई पसरली होती, रेषा मात्र जागच्या जागी होत्या. नोटिसीच्या आधीचा अंक वर आणि दुरुस्ती त्याच्या खाली! ती नंतर घुसडली, असे म्हणायला जागाच उरली नाही. भाऊंच्या डोळ्यांत पाणी आले. तानाबाई शेंगा विकत होती.

दावा फेटाळला गेला. निकाल ज्ञानेश्वरांनी मला वाचून दाखवला. जिच्याविरुद्ध आपली तक्रार आहे त्याच व्यक्तीविषयी झालेली चूक जी बाई भर गर्दीत दुरुस्त करून घेते, तिचे बाकीचे सांगणे रचलेले असेल असे मानायला कारण दिसत नाही, असे न्यायाधीशांनी लिहिले होते. भाऊंनाही त्यांनी सोडले नव्हते: फलकावर जे लिहिता आले, ते अंकात का छापता आले नाही?

त्याच शुक्रवारी पहिल्या पानावर, ठळक चौकटीत, दोन वर्षे उशिराने दुरुस्ती आली. शेवटी ‘क्षमस्व’ होते. ज्ञानेश्वर वाचत होते आणि गर्दीच्या मागे साध्या कपड्यांत माणिकराव जमादार उभे होते. वाचून झाल्यावर ते पुढे आले.

“माह्या पोरीनं वाचलं होतं ते,” ते भाऊंना म्हणाले. “शाळेत पोरी तिले म्हणत, तुहा बाप बायांले शिव्या देते. दोन वरसं तिनं मले धड तोंड दाखोलं नाही.”

भाऊंनी हात जोडले. मलाही वाईट वाटले, खोटे कशाला सांगू? अर्धी ओळ एखाद्याच्या घरात एवढी आत शिरते, हे मला ठाऊक नव्हते.

तानाबाई टोपली सोडून उठली. तिच्या आवाजात राग नव्हता.

“तुमची ओळ तुमाले भेटली, जमादारसायेब. बरं झालं. माहा अर्ज मले कवा भेटन?”

बस आली, माणसे पांगली, जमादारही गेले.

मित्रांनो, आता भाऊ दर पाडव्याला मला भिजवतात, पण खरवडलेले थर फेकत नाहीत, वाळवून गठ्ठा बांधून ठेवतात. माझे तुमच्याकडे एवढेच मागणे आहे. माझ्यावर थुंकू नका, जाहिराती डकवू नका, आणि वाचताना काही चुकीचे दिसले तर तिथल्या तिथे बोला. ज्याच्याविषयी चुकले तो आपल्या नावडीचा असला तरी बोला. त्यासाठीच भाऊंनी माझ्यावर, शेळ्यांची मान पोहोचणार नाही इतक्या उंचीवर, वीतभर जागा कोरी सोडली आहे.

कचरूचा हात वाकडाच जुळला. तानाबाई रोज टोपली मांडण्याआधी, आपल्या अर्जाचे काही आले का म्हणून, त्या कोऱ्या जागेकडे एकदा पाहते. तिला वाचता येत नाही, पण तिथे अजून काही लागलेले नाही, एवढे तिला कळते.