एका कानाची सोयरीक

नारीन गावच्या बाजारात चांदीचं दुकान मांडून बसायचं म्हणजे दिवसभर लोकांचा संशय अंगावर घ्यायचा. येईल तो दागिना दातानं चावून बघतो. कुंदूझला त्याची सवय होती. चांदी स्वतः ठोकायची, दगड स्वतः बसवायचे आणि वर गिऱ्हाइकांकडून अक्कल शिकायची, हा तिचा धंदाच होता.

पण त्या दिवशी आलेल्या बाईनं कमाल केली. डुलातला लाल अकीक तिनं आधी गालाला लावला, मग पापणीला, आणि शेवटी चक्क जीभ लावली.

"गार लागतोय," ती म्हणाली. दगड खरा निघाला याचंच तिला वाईट वाटलं असावं.

"खरा आहे म्हणून गार लागतोय, आपा. प्लास्टिक हवं असेल तर पलीकडच्या रांगेत आहे. ते कितीही चाटा."

"तोंड फार चालतं गं तुझं!"

शेजारी कुरुत विकणारी तोतुया आपा खुदकन हसली. खारवलेल्या दह्याच्या त्या टणक गोळ्यांपेक्षा तिला दुसऱ्यांच्या भानगडींत जास्त रस.

"पोरासाठी मुलगी बघायला जायचंय उद्या," बाई म्हणाली. "आत-बाशीहून आलेय त्यासाठी. एकुलता एक माझा मेलिस, जंगलखात्यात आहे. डूल न्यायलाच लागतात. पण मुलगी नापसंत पडली तर परत घेशील ना?"

कुंदूझच्या हातातली कानस खाली पडली. आत-बाशी, मेलिस, जंगलखातं. आणि उद्या पाहुण्यांसाठी मेंढी कापायची होती ती तिच्याच अंगणात! म्हणजे हीच ती झुराकान आपा, जिच्या धाकानं मेलिस वर्षभर नुसता 'बघू, बघू' करत होता. जंगलात लांडग्यांना भीत नाही म्हणे, आणि आईपुढे तोंड उघडत नाही.

"नापसंत का पडेल?" तिनं जमेल तितक्या साध्या आवाजात विचारलं.

"पडणारच! म्हणे कला करते. कला! खिडकीत बसून उसासे टाकत असेल. माझ्या गाईंना कला कळत नाही बाई. मी चहा पिणार, गोड बोलणार आणि डूल पिशवीतून न काढताच परत येणार. ठरलंय माझं."

मुलाच्या आईनं स्वतःच्या हातानं डूल घातले की सोयरीक पक्की. नाही घातले, तर मुलीकडच्यांनी मेंढीची हाडं गोळा करत बसायचं आणि गावाला तोंड दाखवायची चोरी. कुंदूझला राग आला, आणि रागापेक्षा जास्त रडू आलं. भित्रा असला तरी त्या मेलिसवर तिचा जीव होता.

झुराकाननं तेवढ्यात तबकाच्या कडेचा एक मोठा निळा डूल उचलला. "हा दे. भारी दिसतोय."

"तो पिरोजा नाही, रंगवलेला दगड आहे. दुरुस्तीला आलाय. असलं मी विकत नाही."

"त्या पोरीला काय कळतंय!"

"तिला कळेल."

"तुला गं काय माहीत?"

"घेऊन जाऊन बघा."

झुराकाननं तिच्याकडे जरा रोखून पाहिलं आणि मुकाट्यानं पुन्हा अकीकाची जोडी हातात घेतली. "कानात कसे पडतात ते दाखव बघू."

"हात बघा माझे. डूल काळे होतील."

हात काळे होते हे खरं. पायाशी पाण्याची बादली होती हेही खरं.

"आण इकडे! एक काम धड होत नाही तुमच्याच्यानं," म्हणत झुराकाननं स्वतःच तिचा कान धरला आणि डूल आत सरकवला.

"सोयरीक झाली!" तोतुया किंचाळली आणि तिनं मूठभर कुरुत दोघींच्या डोक्यावर उधळले.

"अगं ए, डोळा फोडशील! कसली सोयरीक?"

"मेलिसची कुंदूझ हीच की! सगळ्या बाजाराला ठाऊक आहे, तुम्ही तेवढ्या राहिल्या होतात."

रांगेत हशा पिकला. झुराकानचं तोंड लालबुंद झालं. "फसवलंस मला!" तिनं डुलाला हात घातला, आणि हसणारे माना लांब करून बघायला लागले. घातलेला डूल सासूनंच काढला, तर मग मुलीच्या घराशी पुन्हा कुणी बोलत नाही.

"फसवलं," कुंदूझ म्हणाली. "मला तुमचा मेलिस हवाय, आपा. पण तुम्हाला मी नको असेन तर काढा. आत्ता काढा. उद्या माझ्या आईसमोर नको." तिनं मान वाकवून कान पुढे केला.

झुराकान डूल धरून उभी राहिली. मग तिनं तो उलटा केला आणि मागची जोडणी अंगठ्यानं चाचपली.

"हे तू केलंस?"

"हो."

"हातोडी तूच मारतेस?"

"मग कोण मारणार? मेलिस?"

झुराकाननं नाकातून श्वास सोडला. "नाजूक आहे म्हणाला होता मला. गाढव कुठला!"

तिनं डूल सरळ केला, तबकातला दुसरा उचलला आणि खेकसली, "बघत काय बसलीस? दुसरा कान कर इकडे."