तिसरं कडवं

आमचे हे चर्चमध्ये ऑर्गन वाजवतात. बाकी सगळं विसरलेत, पण बोटं चुकत नाहीत. दर रविवारच्या गीताच्या तिसऱ्या कडव्याला मात्र थांबतात, कारण ते आमची लेक एकटी म्हणायची.

लेक कपडे धुण्याच्या कारखान्यातल्या बायकांना वाचायला शिकवायची. बायका करारपत्र वाचायला लागल्या आणि संपावर गेल्या. लेक सगळ्यांत पुढे. गेटवर मालकाच्या माणसांनी तिला मारलं, त्यातच ती गेली.

"अगं, पोरगी कुठंय?" हे दर रविवारी विचारतात.

मी जन्माची थापाडी. कधी तिला राजवाड्यात हत्तींना गाणं शिकवायला पाठवते, कधी जहाजावर. हे हसतात आणि पुढे वाजवतात.

आज म्हणाले, "देवाच्या घरात तरी खरं सांग."

"अहो, ती गेली. चार वर्षं झाली."

सगळ्या मंडळीसमोर हे लहान मुलासारखे रडले. आणि घरी पोचल्यावर पुन्हा तेच, "पोरगी कुठंय?"

"तिला बायबलातल्या योनासारखं माशानं गिळलंय," मी म्हटलं. "तीन दिवसांत सुटेल."

"म्हणजे बुधवारी!" हे खूश झाले.

मी स्वयंपाकघरात जाऊन नळ मोठा सोडला, रडणं ऐकू जाऊ नये म्हणून.