वाट्याच्या गोळ्या

"कोणी सांगितलं होतं हे असं वाटून घ्यायला?" अनुप डॉक्टरांनी रिपोर्ट टेबलावर आपटला.

"कोनीच नाही," पार्बताबाई म्हणाली. "हर्रासाच्या बोलीत टमाट्याचं अख्खं कॅरेट झेपत नाही, तवा दोघीजनी मिळून घेतो अन् वाटे पाडतो. तसंच केलं."

अकोल्याच्या भाजीबाजारात तिची उभी हयात गेली होती. शेजारी मान खाली घालून बसलेली नईमा बार्शीटाकळीची. पार्बताबाईचा नवरा केशवराव, नईमाचा ऐन विशीतला मुलगा दानिश. दोघांनाही रक्ताचा कॅन्सर, आणि ओळख झाली ती याच दवाखान्याच्या बाकावर. रोज दोन गोळ्या घ्यायच्या होत्या, पण अख्खी डबी एकीलाही परवडेना. म्हणून दोघींत एक डबी आणि दोघांना रोज एकेक गोळी. बाजारातला सरळ, इमानी व्यवहार होता तो.

"अर्ध्या औषधानं हा रोग मरत नाही, माजतो," डॉक्टर म्हणाले. "केशवरावांचं अजून निभावलंय. पूर्ण औषध मिळालं तर सावरतील. दानिशला मात्र या गोळ्या आता लागूच पडत नाहीत."

"तं दुसऱ्या द्या ना, साहब," नईमा कशीबशी बोलली.

"आहेत. पण त्या याहून कितीतरी महाग आहेत."

"अन् सस्ती कोनीच नाही बनवत?" पार्बताबाईनं विचारलं.

"बनवता येते, आपल्याच देशात येते. पण पेटंट संपेपर्यंत दुसऱ्या कंपनीला परवानगी नाही."

दाराशी बॅग घेऊन उभा असलेला, गोळ्या बनवणाऱ्या कंपनीचा शेखर मध्येच बोलला, "संशोधनात वर्षानुवर्षं जातात, आजी. पेटंट नसतं तर हे औषध निघालंच नसतं."

पोरगा खोटं बोलत नव्हता. पार्बताबाईची तळपायाची आग मस्तकात गेली ती त्यामुळेच.

"काढलं न बापा, लय उपकार झाले! पन काढलं कोनासाठी? हिचा पोरगा दिसत नाही का तुमाले? औषध हाय, बनवनारे हायेत, अन् तो मरून राहिला! याले काय म्हनाव?"

शेखर मोबाईल पाहू लागला. डॉक्टरांनी त्याला बाहेर जायला सांगितलं. याचं उत्तर ज्यांच्याजवळ असतं, ते अकोल्याच्या दवाखान्यात कधी येत नाहीत.

दानिश महिन्याभरात गेला.

त्याचा चाळिसावा दिवस झाल्यावर नईमा भाजीबाजारात आली आणि तिनं कागदाची पुडी पार्बताबाईच्या हातात दिली. "त्याच्या वाट्याच्या हायेत, बाई. डाक्टरनं लागू नाही म्हनलं, तवापासून पडून होत्या."

पार्बताबाई तिच्यावरच उखडली. "काहून आनल्या? तुले काही वाटत नाही का व?"

"वाटते, बाई. म्हनून तं आनल्या."

पार्बताबाईनं पोत्यावर जागा करून तिला जवळ बसवून घेतलं. गिऱ्हाइकं भाव विचारत होती आणि पुढं जात होती.

संध्याकाळी जेवण झाल्यावर तिनं नवऱ्याच्या हातावर दोन गोळ्या ठेवल्या.

"आज दोन?" केशवरावांनी तिच्याकडे पाहिलं. "दानिशच्या?"

"हो. खा. फेकाले नाही दिल्या तिनं."

केशवरावांनी मूठ मिटली. मग त्यांनी डोक्यावरची टोपी काढून मांडीवर ठेवली आणि दोन्ही गोळ्या तोंडात टाकल्या.