कापूस भिजेपर्यंत

आमच्या क्लबात रविवारी बिंगोचे, म्हणजे हाउजीचे, आकडे मी पुकारते. नवरा गेला, धक्क्यावरचं मासे कापायचं कामही गेलं, पण ती खुर्ची माझी राहिली. नुसते आकडे कुणीही वाचेल. 88 आला की त्याच्या गोलाईवरून 'दोन जाड्या बाया' म्हणायचं, 11 आला की 'तंगड्या' म्हणायचं आणि सगळ्यांनी शीळ घालायची, हे अंगात असावं लागतं.

गेल्या महिन्यात ऐन डावात मला खोकल्याची उबळ आली. शेवटच्या आकड्यासाठी श्वास रोखून बसलेल्या बाया चिडल्या. कमिटीचा नॉर्मन, ज्याचं शेंबडं नाक मी पुसलंय, तो मला म्हणाला की सिगारेट सोड. पुन्हा डाव अडला तर ग्लेनिस पुकारेल. ग्लेनिस! दवाखान्यात पुढचा पेशंट बोलावल्यासारखे आकडे वाचते ती.

म्हणून माझ्या लेकीने, लोरेनने, मला व्हेपच्या, म्हणजे बॅटरीवरच्या सिगारेटच्या, दुकानात नेलं. इंग्लंडातल्या आमच्या ग्रिम्सबी बंदरात आता मासळीपेक्षा हीच दुकानं जास्त. दुकानवाली मँडी आधी माझे केस सेट करायची. तिने दोन यंत्रं पुढ्यात ठेवली. एक लिपस्टिकएवढं बारकं. दुसरं जाडजूड, त्याला पडदा, पडद्यावर आकडे. मग ती सांगत सुटली. वॅट वाढवले की धूर वाढतो, धूर वाढला की आतला निकोटीनचा रस लवकर संपतो, कडक रस बारक्यात घालायचा, सौम्य जाड्यात. बटण पाचदा दाबलं की चालू, पाचदा दाबलं की बंद.

"आधी सांगा, धूर तोंडात घोळवता की थेट छातीत ओढता?"

पन्नास वर्षं सिगारेट ओढतेय, धूर कुठे जातो हे कुणी विचारलं नव्हतं. मी दोन्ही करून पाहिलं. काहीच कळेना. मी विचारलं, "चहा करतं का गं हे?"

"रोजच्या वापराला बारकंच घ्या, राणी. तुम्हाला सोपं जाईल."

सोपं जाईल म्हणे. मी जाडं घेतलं. मँडी पिशवीत कॉइलचं, म्हणजे रस तापवणाऱ्या तारेचं, पाकीट टाकताना कापसाबद्दल काहीतरी म्हणाली, पण माझं लक्ष पडद्यावर होतं. त्यावर बॅटरी कुठली, वॅट कुठले आणि माझ्या ओढण्याची मोजणी कुठली, हे मला अजून उमगलेलं नाही. घरी लोरेनने पुन्हा समजावलं. पुन्हा गोंधळले. सिगारेटीला एक तोंड असतं आणि एक शेपूट, बास.

तरी आठवडाभर निभावलं. खोकला उतरला. रविवारी मात्र चव गढूळ लागली, म्हणून क्लबाच्या दारातच मी नवी कॉइल बसवली, रस भरला, आणि लगेच एक दमदार झुरका घेतला.

खिडकीचा पेटलेला पडदा गिळल्यासारखं झालं. मंचावर चढले तर घशातून सीगल पक्ष्यासारखा आवाज निघाला. नॉर्मनने घड्याळाकडे पाहिलं. ग्लेनिसचा चष्मा आधीच नाकावर होता.

लोरेन धावत चहा घेऊन आली. कपाकडे पाहिलं तर गढूळ पाणी. पिशवी बुडवली न बुडवली तोच काढलेली.

"हा काय चहा?" मी घरघरले. "भिजू तरी द्यायची."

लोरेनने कपाकडे पाहिलं, मग माझ्या हातातल्या यंत्राकडे. "आई, कॉइलमधला कापूस तू रसात भिजू दिलास?"

रस भरला आणि लगेच ओढला होता मी. कमी भिजलेला चहा करणाऱ्या माझ्या सुनेला मी सगळ्यांदेखत तो मोरीत ओतायला पाठवलेलं आहे.

आता अडून बसले असते तर डाव अडला असता आणि खुर्ची कायमची गेली असती. मी उठले आणि माईक ग्लेनिसच्या हातात दिला. "हा एक डाव सांभाळ. माझा कापूस भिजेपर्यंत."

नॉर्मनला काही कळलं नाही. त्यालाच काय, लोरेन सोडून कुणालाच.

ग्लेनिस पुकारू लागली. सरळ, कोरडे आकडे. अठ्ठ्याऐंशी आला. ती नुसतं "अठ्ठ्याऐंशी" म्हणाली आणि सगळी माणसं पुढचं ऐकायला थांबली. पुढे काहीच आलं नाही. मागच्या बाकावरून मी घोगऱ्या आवाजात म्हटलं, "दोन जाड्या बाया." सगळा क्लब हसला. ग्लेनिस कानापर्यंत लाल झाली.

डाव संपला. मी बाहेर जाऊन हलकासा झुरका घेतला. गुळगुळीत. पडद्यावर मात्र नवाच आकडा दिसत होता. मी तर काही दाबलं नव्हतं. असू दे म्हटलं आणि आत येऊन मंचाकडे निघाले. नॉर्मनने हातानेच वाट दाखवली. ग्लेनिस खुर्चीवरून उठली. चष्मा काढायला मात्र तिने बराच वेळ लावला.