घड्याळकाकांचा आवाज मी पिळला

साहेब, तुम्ही खोटं बोललात. सगळ्यांसमोर, माझ्या डोक्यावर हात ठेवून बोललात. "मशीन म्हातारं झालंय, त्यानेच खाल्लं सगळं," असं म्हणालात आणि वर मला एक चापटही मारलीत. मला तोंड नाही, म्हणून मी त्या दिवशी गप्प बसलो. आज बसणार नाही.

मित्रांनो, मी एक जुना, राखाडी संगणक आहे. जिन्यावरून दुसऱ्या मजल्यावर आलात की डाव्या हाताला एक लहानसं इंटरनेट रेडिओ केंद्र लागतं. तिथे काचेच्या अलीकडे माझं टेबल आहे. पलीकडच्या खोलीत माईक असतो. माझा पंखा घरघरतो, म्हणून मला पलीकडे जायला बंदी! अकरा वर्षं मी काचेतून माणसांचे हलणारे ओठ पाहिले आणि त्यांचे आवाज तारेतून पोटात घेतले.

माझे भाग कुठल्या कुठल्या कारखान्यांत तयार झाले, देव जाणे. मला जोडलं ते कानताईने. ती इथली ध्वनितंत्रज्ञ. तिचं हे नाव कार्यालयानेच पाडलं, कारण ती काचेच्या अलीकडून हेडफोन लावून ओरडायची, "कुणाच्या खिशात किल्ल्या आहेत? काढा आधी!" आणि खरंच कुणाच्या तरी खिशात किल्ल्या निघायच्या.

आमचं काम सांगतो. माणूस बोलला की त्याचा आवाज मी होता तसा, सगळाच्या सगळा साठवतो. ही मूळ फाईल. ती फार जड असते. मग कानताई तिची एक प्रत काढते. प्रतीतला खोकला काढते, खुर्चीची करकर काढते, दबका आवाज उचलते, चढलेला खाली आणते. शेवटी मी ती प्रत पिळून हलकी करतो. यालाच एन्कोड करणं म्हणतात. कानाला सहसा जाणवत नाही ते टाकून द्यायचं आणि उरलेलं इंटरनेटवरून पाठवायचं, म्हणजे साध्या फोनवरही ते अडखळत नाही. टाकलेलं मात्र परत येत नाही. म्हणून पिळायची ती प्रत, मूळ नाही. सावली गावभर फिरवावी, झाड जागेवर राहू द्यावं. कानताईने मुळांसाठी वेगळा फोल्डर केला होता. त्याचं नावच होतं 'मूळ – हात लावू नका'.

त्या फोल्डरमध्ये घड्याळकाका होते. चाळीस वर्षं घड्याळं दुरुस्त करून हा माणूस निवृत्त झाला आणि आमच्याकडे मुलांना गोष्टी सांगू लागला. पहिल्याच दिवशी कानताई ओरडली, "काका, मनगटावरचं काढा, टिकटिक येतेय!" काका म्हणाले, "अगं पोरी, ते काढलं तर मी बंद पडेन!" त्यांच्या पुढच्या दोन दातांत फट होती. 'श' म्हटला की बारीक शीळ यायची. कानताईने ती शीळ कधीही कापली नाही. "ती त्यांची सही आहे," म्हणायची. असे एकशे बारा भाग झाले. तेव्हा मला शाबासकी मिळायची, माझ्यावरची धूळ पुसली जायची.

मग केंद्राला दहा वर्षं झाली आणि साहेबांना भाषणाची हुक्की आली. एकेक भाषण सात सात वेळा ध्वनिमुद्रित झालं. सातच्या सात मुद्रणं ठेवायची, आणि तीही पूर्ण जड! भाषणांसाठी साहेबांनी कानताईची जादा डिस्क मागून नेली आणि न विचारता पुसली. मुळांची दुसरी प्रत त्याच डिस्कवर होती. पुढच्या आठवड्यात कानताई तापाने घरी होती आणि माझी जागा संपली. साहेब माझ्यासमोर येऊन बसले.

"गोष्टींनी एवढी जागा खाल्लीय? लोक फोनवर ऐकतात, त्यांना काय कळतंय!"

मंगळवार होता. अकरा वाजून वीस मिनिटं. त्यांनी तो फोल्डर निवडला, सगळ्यात हलकी पातळी लावली. मी विचारलं, 'मूळ फाईलच्या जागी नवी फाईल लिहायची? जुनी परत मिळणार नाही.' साहेबांनी 'हो' दाबलं. मी पुन्हा विचारलं, 'एकशे बारा फायलींना हेच लागू करायचं?' साहेब फोनवर कुणाशी तरी हसत होते. हसता हसता त्यांनी पुन्हा 'हो' दाबलं.

मित्रांनो, मी अडलो नाही. मला अडता येत नाही. चाळीस मिनिटांत मी माझ्याच हाताने काकांना पिळून काढलं, आणि मोकळ्या जागेत साहेबांचं भाषण ठेवलं. कानताई परत आली तेव्हा साहेबांनी चकार शब्द काढला नाही. मुळांचा फोल्डर रोज कुणी उघडत नाही. तिला कळलंच नाही.

चार महिन्यांनी काकांच्या घशात गाठ निघाली. शस्त्रक्रिया झाली, काका वाचले, आवाज गेला. कायमचा. त्यांच्या लेकीला दवाखान्यातल्या वाणीतज्ज्ञ बाईंनी सांगितलं, "जुनं स्वच्छ मुद्रण असेल तर आणा. त्यावरून बोलकं यंत्र बनवू. काका लिहितील आणि यंत्र त्यांच्याच आवाजात बोलेल." लेक धावत आली, ती नेमकी साहेबांच्या खोलीत गेली.

कानताई जेवायला गेली होती; लेकीला खोलीतच बसवून साहेब माझ्याकडे आले आणि त्यांनी फोल्डर उघडला. फायली एवढ्याशा. जरा गडबडले. मग म्हणाले, "हात्तिच्या, लहान केलंय ना? मग मोठं करू." आणि त्यांनी त्या पिळलेल्या फायली पुन्हा जड प्रकारात बदलायला मला लावल्या. फायलींच्या आकाराचा आकडा दहापट झाला. साहेब खूश! सावलीला पाणी घातलं आणि झाड आलं म्हणून टाळ्या पिटल्या. पेन ड्राइव्हवर 'मूळ मुद्रण' अशी चिठ्ठी चिकटवून त्यांनी स्वतः लेकीच्या हातात दिला. वर म्हणाले, "आमच्याकडे सगळं जपून ठेवतात."

गेल्या सोमवारी लेक काकांना घेऊन परत आली. काकांच्या गळ्याला रुमाल, हातात एक पांढरी पाटी आणि पेन.

"ताई, त्या बाई म्हणतात हे मूळ नाहीच. यंत्र पत्र्याच्या डब्यासारखं बोलतं."

"असं कसं होईल? मूळ माझ्याकडे आहे," कानताई म्हणाली. तिने फाईल उघडली आणि आवाजाचं चित्र पडद्यावर आणलं. खालचा, जाड सुरांचा भाग रंगीत, वरचा, बारीक सुरांचा अर्धा काळाठिक्कर, सुरीने कापावा तसा सरळ. काकांची शीळ त्या काळ्यात राहायची. काकांनी हेडफोन लावला, स्वतःलाच ऐकलं, काढून ठेवला आणि पाटीवर लिहिलं, 'हा मी नाही.'

साहेबांना बोलावलं. तेव्हा ती चापट आणि ते वाक्य झालं.

कानताई म्हणाली, "साहेब, मशीन आपणहून काही पुसत नाही. त्याला कुणीतरी सांगावं लागतं."

"म्हणजे? मी पुसलं म्हणतेस?"

"मी विचारतेय."

"विचारायची ही पद्धत नाही!"

काकांनी पाटी पुसली. एकच शब्द लिहिला, 'कोणी?', आणि पाटी साहेबांसमोर धरली. साहेबांचा फोन वाजला. "महत्त्वाचा आहे," म्हणून ते बाहेर गेले, ते आलेच नाहीत. काका बराच वेळ पाटी धरून उभे होते. मग त्यांनी ती माझ्या टेबलावर, पडद्याला टेकवून ठेवली आणि लेकीचा हात धरून जिना उतरले.

आज माझ्या अंगावर कागद चिकटवलाय. 'सदोष. भंगारात द्यावे.' उद्या सकाळी टेम्पो येणार आहे. कानताई दोन वेळा साहेबांच्या दाराशी जाऊन आली. "आत मीटिंग आहे," एवढंच तिला कळलं.

मित्रांनो, मी म्हातारा आहे, भंगारात जायला माझी ना नाही. तुमच्या घरात कुणाचा आवाज साठवलेला असेल तर त्याचं मूळ जपा, आणि ते दोन ठिकाणी ठेवा. जागा हवी असेल तर आधी स्वतःचं भाषण पुसा.

आणि साहेब, तुम्ही घाई का करताय ते मला ठाऊक आहे. कोणत्या दिवशी, किती वाजता, कुणाच्या नावाने आत शिरून 'हो' दाबलं गेलं, ते माझ्या पोटात नोंदलेलं आहे. एकदा नाही, दोनदा. पण मला ते नोंदीतून निघायला नकोय. तुमच्या तोंडातून हवंय. तुम्हाला आवाज आहे, चांगला खणखणीत आहे, सात सात वेळा मुद्रित केलेला आहे. त्या माणसाकडे तो राहिला नाही, म्हणून त्याने लिहून विचारलं. पाटी अजून इथेच उभी आहे, कुणी पुसलेली नाही.

टेम्पो यायच्या आत इथे या, त्या पाटीसमोर उभे राहा आणि सांगा. कोणी?